स्मार्टफोनवरील बटणे : स्थान, रचना आणि हस्तानुकूलता

आजच्या बहुतेक स्मार्टफोनच्या कडांवर तीन-चारच बटणे असतात. एक फोन चालू-बंद करते व पडदा उजळविते, दोन आवाज कमी-जास्त करतात आणि काही फोनांवर एखादे विशेष कामासाठी राखलेले बटण असते. संख्या अल्प असली तरी प्रत्येक बटण कोणत्या कडेवर, किती उंचीवर असावे, ते पृष्ठभागापासून किती वर उचललेले असावे आणि किती जोर दिल्यावर दबावे, हे ठरविताना शरीररचनाशास्त्र, मानसशास्त्र आणि यंत्रशास्त्र या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो. माणसाचे शरीर आणि त्याने वापरावयाची साधने यांचा मेळ घालणाऱ्या या ज्ञानशाखेस एर्गोनॉमिक्स म्हणतात. मराठीत तिला मानवानुकूल रचनाशास्त्र म्हणता येईल.

बटणाचे स्थान ठरविताना दोन परस्परविरोधी अपेक्षा पूर्ण कराव्या लागतात. हवे तेव्हा ते न पाहता बोटाला सापडले पाहिजे आणि नको तेव्हा ते दाबले जाता कामा नये. बटण बोटाच्या जितके जवळ न्यावे तितकी नकळत दाबले जाण्याची शक्यता वाढते, आणि ते जितके सुरक्षित जागी न्यावे तितके गैरसोयीचे होते. स्मार्टफोनच्या बटणांचा इतिहास हा मुख्यतः या दोन अपेक्षांमधील तडजोडींचा इतिहास आहे.

हाताची रचना आणि पकड

फोन एका हातात धरला असता त्याची मागील बाजू तळहात व बोटांवर टेकते, चार बोटे एका कडेला वेढा घालतात आणि अंगठा समोरच्या बाजूस मोकळा राहतो. पुष्कळ जण करंगळी खालच्या कडेखाली आधारासाठी ठेवतात. अशा पकडीत अंगठ्याकडे दोन कामे येतात : फोन सावरणे आणि त्याच वेळी तो चालविणे. अंगठा जितका दूर न्यावा तितकी पकड सैल होते आणि फोन निसटण्याचा संभव वाढतो.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. त्यामुळे अंगठा पुढे-मागे व आत-बाहेर फिरतो आणि इतर बोटांच्या समोर येऊ शकतो. फोन धरलेला असताना मात्र तो या मुळाभोवती कंसाकार मार्गानेच सहज फिरतो. उजव्या हातात फोन असेल, तर पडद्याचा मध्यभाग व त्याखालचा बराचसा भाग या कंसात येतो. वरचा डावा कोपरा सर्वांत दूर राहतो. अगदी खालचा उजवा कोपरा जवळ असूनही अवघड जातो, कारण तेथे पोहोचण्यासाठी अंगठा आखडून घ्यावा लागतो. फोन डाव्या हातात घेतल्यास हे चित्र उलट होते.

लोक प्रत्यक्षात फोन कसा धरतात याची पाहणी रचनातज्ज्ञ स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सार्वजनिक ठिकाणी केलेल्या १,३३३ निरीक्षणांवर ती आधारलेली होती. पडद्याला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हाताने, ३६ टक्के एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताच्या साहाय्याने आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी फोन वापरताना आढळले. एका हाताने वापरणाऱ्यांतही सुमारे एकतृतीयांश लोक डाव्या अंगठ्याचा उपयोग करीत होते. डावखुऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण साधारण १० टक्के मानले जाते. तेव्हा फोन डाव्या हातात धरणारे सगळे डावखुरे नसतात. उजवा हात कामात गुंतला की उजव्या हाताचा माणूसही फोन डाव्या हातात घेतो. म्हणून बटणांची मांडणी दोन्ही हातांचा विचार करूनच करावी लागते.

शास्त्राचा उगम

एर्गोनॉमिक्स या ज्ञानशाखेचे नाव पोलंडमधील शास्त्रज्ञ व्होयचेख यास्त्रशेंबोव्स्की यांनी १८५७ मध्ये योजले. तिचा खरा विकास मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी चुकून चाकेच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांच्या लक्षात आले, की या दोन्ही कामांचे खटके एकसारखे आणि शेजारीशेजारी आहेत. त्यांनी चाकांच्या खटक्यावर रबरी चाकाचा व झडपांच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविला. वैमानिकाला न पाहताही कोणता खटका हाती आला आहे हे कळू लागले. आकारावरून ओळख पटविण्याचे हे तत्त्व आजच्या विमानांतही पाळले जाते.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियमही तितकाच मूलभूत आहे. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतरावर आणि त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो, असे फिट्सचा नियम सांगतो. अंतर वाढले की वेळ वाढतो, रुंदी वाढली की तो घटतो. ही वाढ-घट लघुगणकाच्या प्रमाणात होते. फोनवरील कडेचे बटण असो वा पडद्यावरचे चिन्ह, दोन्हींचा आकार व जागा ठरविताना हा नियम आजही आधारभूत मानला जातो.

अंककळफलकाचा वारसा

दूरध्वनीवरील बटणांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. जॉन कार्लिन यांच्या नेतृत्वाखालील मानवी घटक विभागात रिचर्ड डाइनिंगर यांनी दहा अंकांच्या अनेक मांडण्या प्रयोगार्थींकडून वापरून घेतल्या आणि १९६० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेग व चुका या दृष्टींनी उत्तम ठरलेल्या मांडण्यांत फारसे अंतर नव्हते. अखेरीस तीन ओळींत प्रत्येकी तीन अंक व खाली शून्य ही मांडणी स्वीकारली गेली. गणकयंत्रावर ७-८-९ ही ओळ वर असते, दूरध्वनीवर मात्र १-२-३ वर आली. अशा बटणांची दूरध्वनीसेवा १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेन्सिल्व्हेनियातील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गावांत सुरू झाली. तारका व जाळीचिन्ह असलेल्या दोन कळा १९६८ मध्ये जोडल्या गेल्या आणि बारा कळांचा फलक पूर्ण झाला.

हाच फलक पुढे भ्रमणध्वनीवर आला. पाचाच्या कळेवर असलेला उंचवटा बोटाला फलकाचा मध्य दाखवितो आणि त्यावरून इतर अंकांची जागा न पाहता कळते. दृष्टिहीनांसाठी हा उंचवटा अत्यावश्यक आहे. अंधारात वा खिशातल्या खिशात नंबर फिरविणाऱ्या डोळसांनाही त्याचा उपयोग होई. स्मार्टफोनच्या सपाट काचेवर अंक आले तेव्हा हा उंचवटा नाहीसा झाला आणि त्याची उणीव दुसऱ्या मार्गांनी भरून काढावी लागली.

स्मार्टफोनचा आरंभ

आयबीएमने तयार केलेला आणि बेलसाउथ कंपनीने १९९४ मध्ये विक्रीस आणलेला सायमन हा पहिला स्मार्टफोन मानला जातो. त्याचे वजन सुमारे अर्धा किलो होते. अंककळफलक त्याच्या स्पर्शपडद्यावरच उमटे. हातात मावणाऱ्या संगणकाचा आकार ठरविण्यासाठी पाम कंपनीचे संस्थापक जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा सदऱ्याच्या खिशात ठेवून वावरत असत. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटवर पडद्याखाली ओळीने बटणे होती. दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी व टिपणे यांसाठी एकेक बटण राखून ठेवलेले होते. एका बटणास एकच काम, हे या पिढीचे तत्त्व होते.

कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीने ब्लॅकबेरीवर इंग्रजी टंकलेखनाचा पूर्ण कळफलकच बसविला. तो दोन अंगठ्यांनी चालविण्यासाठी होता. कळा लहान असल्या तरी त्यांच्या उतरत्या कडांमुळे बोटाला एक कळ दुसरीपासून वेगळी कळत असे. गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये आला. त्याच्यावर सरकता कळफलक होताच. शिवाय पडद्याखाली पाच बटणे व एक फिरता गोळा होता.

अ‍ॅपलने ९ जानेवारी २००७ रोजी सादर केलेल्या आयफोनने ही दिशा बदलली. त्याच्या दर्शनी भागावर होम हे एकच बटण होते. वरच्या कडेवर पॉवर बटण, डाव्या कडेवर आवाजाची बटणे आणि घंटी बंद करणारा सरकता खटका एवढेच उरले. बाकीची सर्व बटणे पडद्यावर आली आणि ती कामानुसार बदलू लागली.

वर्गीकरण

स्मार्टफोनवरील बटणांचे वर्गीकरण तीन प्रकारे करता येते. स्थानानुसार दर्शनी, कडेची, मागील आणि पडद्यावरील असे चार वर्ग होतात. दर्शनी बटणे आता जवळजवळ लोप पावली आहेत. मागील बटणे थोडा काळ वापरात होती.

कार्यानुसार एककार्यी व बहुकार्यी असे दोन वर्ग पडतात. घंटी बंद करणारा खटका एककार्यी आहे. पॉवर बटण बहुकार्यी आहे : एकदा दाबल्यास पडदा विझतो, दाबून धरल्यास दुसरे काम होते, लागोपाठ दोनदा दाबल्यास तिसरे. बटणांची संख्या घटत गेली तसा दाबण्याचा कालावधी, दाबांची संख्या आणि बटणांच्या जोड्या यांवर अर्थाचा भार वाढत गेला.

रचनेनुसार यांत्रिक, धारकतेवर चालणारी आणि दाबसंवेदी असे तीन वर्ग आहेत. यांत्रिक बटण प्रत्यक्ष हलते. धारकतेवर चालणारे बटण बोटाच्या विद्युतगुणधर्मामुळे स्पर्श ओळखते. म्हणूनच साधा हातमोजा घातल्यास ते काम करीत नाही. दाबसंवेदी बटण न हलता त्यावरील जोर मोजते.

पॉवर बटणाचे स्थलांतर

पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंचांचा आणि उंची ११५ मिलिमीटर होती. एवढ्या फोनच्या वरच्या कडेपर्यंत तर्जनी सहज पोहोचे. शिवाय वरचे बटण दाबताना जोर खालच्या दिशेने लागतो, पकडीच्या दिशेने नव्हे. त्यामुळे फोन नुसता घट्ट धरल्याने ते दाबले जात नसे. लहान फोनसाठी ही जागा दोन्ही अपेक्षा पूर्ण करणारी होती.

पडदे वाढू लागल्यावर हा हिशेब बिघडला. सॅमसंगने २०११ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी नोटचा पडदा ५.३ इंचांचा होता. अ‍ॅपलच्या २०१४ मधील आयफोन ६ प्लसची उंची १५८.१ व रुंदी ७७.८ मिलिमीटर झाली. इतक्या उंच फोनच्या माथ्यावरचे बटण दाबायचे तर हात वर सरकवावा लागे आणि पकड सुटे. सॅमसंगने पॉवर बटण आधीपासूनच उजव्या कडेवर दिलेले होते. आयफोन ६ पासून अ‍ॅपलनेही ते तेथे आणले. उजव्या हातात फोन असेल तर अंगठा, डाव्या हातात असेल तर तर्जनी वा मधले बोट या बटणावर सहज येते. दोन्ही हातांना मानवणारी जागा म्हणून उजव्या कडेचा वरचा-मधला भाग सर्वमान्य झाला.

या नव्या जागेने दुसरा प्रश्न मात्र उभा केला. कडेचे बटण दाबताना त्या जोराला समोरच्या कडेवरून आधार द्यावा लागतो. आधार देणारी बोटे नेमकी समोरच्या बटणावर असली, तर दोन्ही एकदम दाबली जातात. पॉवर व आवाज ही बटणे एकदम दाबल्यावर पडद्याचे चित्र घेतले जाण्याची सोय पुष्कळ फोनांवर असल्याने नको असलेली चित्रे साठत जातात. हे टाळण्यासाठी समोरासमोरची बटणे वर-खाली सरकविणे किंवा सर्व बटणे एकाच कडेवर घेणे हे दोन उपाय आहेत.

दुसऱ्या उपायात चॅपॅनिस यांनी ओळखलेला धोका पुन्हा उद्भवतो, कारण वेगळ्या कामांची बटणे शेजारीशेजारी येतात. गुगलच्या पिक्सेल फोनवर पॉवर बटण आवाजाच्या बटणांच्या वर असते. सॅमसंगने २०२० च्या गॅलेक्सी एस२० वर दोन्ही उजव्या कडेला घेतली, पण तेथे पॉवर बटण खाली आहे. एक फोन सोडून दुसरा घेणाऱ्याचे बोट त्यामुळे काही दिवस चुकत राहते. आवाजाचे बटण लांब व पॉवर बटण आखूड ठेवणे, दोहोंत पुरेसे अंतर सोडणे आणि पॉवर बटणाच्या पृष्ठभागाला वेगळा पोत देणे हे त्यावरचे प्रचलित उपाय आहेत.

एलजी कंपनीने २०१३ मध्ये जी२ या फोनवर निराळाच मार्ग अवलंबिला. पॉवर व आवाज ही तिन्ही बटणे तिने मागील बाजूस कॅमेऱ्याखाली बसविली. फोन धरला असता तर्जनी तेथेच टेकते आणि कडा मोकळ्या राहतात, हा त्यामागील विचार होता. डाव्या-उजव्या हाताचा भेदही त्यामुळे मिटला. परंतु फोन टेबलावर पाठीवर ठेवला की बटणे खाली जात. म्हणून पडद्यावर दोनदा टिचकी मारून तो उजळविण्याची सोय द्यावी लागली. शिवाय बटण शोधणारे बोट कॅमेऱ्याच्या काचेवर पडे. २०१६ च्या जी५ वर आवाजाची बटणे पुन्हा कडेला आली.

बोटाचा ठसा ओळखणाऱ्या संवेदकाचा प्रवासही असाच झाला. २०१३ च्या आयफोन ५एस मध्ये तो होम बटणात होता. २०१५ च्या सोनी एक्सपिरिया झेड५ मध्ये तो कडेवरील पॉवर बटणात आला. गॅलेक्सी एस८ मध्ये (२०१७) तो मागे, कॅमेऱ्याच्या शेजारी गेला. तेथे तर्जनी पोहोचण्यास अवघड होती आणि काच मळत असे. पुढील वर्षीच्या एस९ वर तो कॅमेऱ्याखाली घेण्यात आला. पॉवर बटणातील संवेदक हा यांतला सुबक तोडगा म्हणावा लागेल, कारण पडदा उजळविणे आणि ओळख पटविणे ही दोन कामे तेथे एकाच हालचालीत होतात.

कॅमेऱ्याचे बटण

छायाचित्र घेण्यासाठी राखलेले बटण बहुधा उजव्या कडेच्या खालच्या भागात असते. फोन उभा धरला असता ही जागा निरर्थक वाटते. फोन डावीकडे आडवा केला, की उजवी कड वर येते आणि हे बटण उजव्या तर्जनीखाली येते; छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावरही ते तेथेच असते. सोनीच्या एक्सपिरिया फोनांवर या बटणास दोन टप्पे असतात. अर्धे दाबल्यावर दृश्य स्पष्ट होते, पूर्ण दाबल्यावर चित्र टिपले जाते. अ‍ॅपलने २०२४ मध्ये आयफोन १६ वर याच भागात कॅमेऱ्यासाठी दाब व सरकता स्पर्श दोन्ही ओळखणारे बटण दिले.

पडद्यावरील बटणे

पडद्यावरील बटणांच्या बाबतीत आकार हा पहिला प्रश्न आहे. पारही, कार्लसन व बेडरसन या संशोधकांनी २००६ मध्ये एका हाताच्या अंगठ्याने छोटा स्पर्शपडदा वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. सुटे बटण किमान ९.२ मिलिमीटर आणि लागोपाठ दाबावयाचे बटण ९.६ मिलिमीटर असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अ‍ॅपलने रचनाकारांना ४४ एककांचा किमान आकार सांगितला. पहिल्या आयफोनवर तो साधारण ७ मिलिमीटर भरतो. गुगलची शिफारस ४८ एककांची आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. अँड्रॉइडमध्ये मागे जाणे, मुख्य पडद्यावर येणे व अलीकडची कामे पाहणे यांसाठी तीन बटणे खालच्या पट्टीत असत. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून गुगलने ती पडद्यावरच दिली आणि मागे जाण्याचे बटण डावीकडे ठेवले. सॅमसंगने बराच काळ मधले होम बटण यांत्रिक ठेवून मागे जाण्याचे बटण उजवीकडे दिले. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट ओढले की मागे जाण्याची सोय आली आणि डावे-उजवे हा वादच उरला नाही. अ‍ॅपलने २०१७ च्या आयफोन एक्स मध्ये होम बटण काढून टाकले व खालून वर बोट ओढण्याची खूण रूढ केली.

पडदा उंच झाल्यावर वरच्या पट्टीतील बटणे अंगठ्याच्या कक्षेबाहेर गेली. आयफोन ६ मध्ये होम बटणावर दोनदा हलकेच टेकवल्यास पडद्याचा वरचा भाग खाली सरकविण्याची तोड काढण्यात आली. सॅमसंगने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या वन यूआय या मांडणीत वरचा भाग वाचण्यासाठी व खालचा भाग स्पर्शासाठी अशी विभागणी केली. २०२१ मध्ये आयफोनच्या सफारी या न्याहाळकाची पत्त्याची पट्टी खालच्या कडेला आली. बटणांनी अंगठ्याकडे यावे, अंगठ्याने बटणांकडे जाऊ नये, हे सूत्र या तिन्ही बदलांत दिसते.

देवनागरी कळफलकाचा प्रश्न

पडद्यावरील कळफलकाची मांडणी हा मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा भाग आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आहेत. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार, विसर्ग व हलन्त मिळून त्यांच्या दुपटीच्या आसपास चिन्हे होतात. तेवढ्याच रुंदीत ती बसवायची तर कळा अरुंद होतात, नाहीतर काही चिन्हे दुसऱ्या थरात लपवावी लागतात. पहिल्या पर्यायात चुका वाढतात, दुसऱ्यात वेळ.

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक आकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर स्वरचक्र हा कळफलक तयार केला. २०१३ मध्ये तो अँड्रॉइडसाठी उपलब्ध झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने वर्गवार मांडलेली आहेत. त्यामुळे शाळेत शिकलेल्या वर्णमालेवरूनच अक्षराची जागा सापडते. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीतील रूपांचे वर्तुळ उमटते आणि हव्या त्या दिशेने बोट सरकविले की मात्रा लागते. मात्रांसाठी स्वतंत्र कळा न लागल्याने व्यंजनांच्या कळा मोठ्या ठेवता येतात. लिपीची मूळ रचनाच येथे मांडणीचा पाया झाली आहे.

स्पर्शबोध

बटण दाबले गेले याची खूण बोटाला मिळाली नाही, तर माणूस ते पुन्हा दाबतो. यांत्रिक बटणाखाली धातूची पातळ, घुमटाकार चकती असते. ठरावीक जोर पडताच घुमट एकाएकी आत बसतो, खालच्या वाहक पट्टीला टेकतो आणि जोर निघताच मूळ आकार घेतो. या हालचालीचा पल्ला मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो, तरी घुमट बसतानाचा टिक असा धक्का बोटाला स्पष्ट जाणवतो. घुमट फार ताठ असेल तर अंगठा शिणतो, फार मऊ असेल तर खिशातही बटण दबते. म्हणूनच पुष्कळ फोनांत पॉवर बटण कडेपासून किंचितच वर उचललेले असते.

हलत्या भागांत धूळ व पाणी शिरण्यास वाट राहते, झीजही होते. त्यामुळे न हलणाऱ्या बटणांचा शोध सुरू झाला. आयफोन ७ च्या (२०१६) होम बटणात कोणताही भाग हलत नसे. दाब ओळखताच फोनमधील लहान कंपक सूक्ष्म झटका देई आणि बोटाला बटण दबल्याचा भास होई. फोन बंद असताना मात्र तेथे केवळ निर्जीव काच लागे. एचटीसीने २०१८ मध्ये यू१२ प्लस या फोनच्या कडेवरही अशीच दाबसंवेदी बटणे दिली, परंतु त्यांच्या प्रतिसादाविषयी तक्रारी आल्या. होम बटण दाबताना फोन बहुधा सुस्थिर असतो. कडेवर तर पकडीचा जोर सतत पडत असतो. तेथे पकड कोणती आणि हेतुपूर्वक दिलेला दाब कोणता, हे यंत्राने ओळखणे कठीण असते.

विशेष उपयोग

संकटकाळी मदत मागणे हा बटणांचा सर्वांत गंभीर उपयोग होय. भारत सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भ्रमणध्वनीवर १ जानेवारी २०१७ पासून संकटसूचक बटणाची सोय बंधनकारक करण्यात आली. साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरणे, स्मार्टफोनवर आणीबाणीचे बटण दाबून धरणे किंवा पॉवर बटण झटपट तीनदा दाबणे, असे मार्ग त्यात सांगितले आहेत. फोन खिशात वा पिशवीत असताना, पडद्याकडे न पाहता जे बटण सापडेल त्याचीच येथे निवड झाली आहे. खिशात आपोआप तीनदा दाबले जाऊन नाहक संदेश जाण्याचा धोका यातही उरतो, आणि अगदी सोपा व पूर्ण सुरक्षित असा मार्ग नसल्याचे येथे विशेषच जाणवते.

दुसरे महत्त्वाचे क्षेत्र दिव्यांगांच्या सोयीचे आहे. २००९ च्या आयफोन ३जीएस मध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सुविधा आली आणि सपाट काच दृष्टिहीनांना वापरता येऊ लागली. होम बटण तीनदा दाबून ती चालू करण्याची सोय करण्यात आली. अँड्रॉइडमध्ये आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरल्यास असे साहाय्य सुरू होते. याउलट ज्यांना कडेचे बटण दाबणे शक्य नसते त्यांच्यासाठी २०११ पासून आयफोनच्या पडद्यावर बटणांचे काम करणारे तरंगते चिन्ह उपलब्ध आहे.

आरोग्य आणि मर्यादा

अंगठा वारंवार ताणल्याने त्याच्या मुळाशी मनगटाजवळील दोन स्नायुबंधांच्या आवरणास सूज येऊ शकते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले; तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो फोनपेक्षा पुष्कळ जुना असून केवळ फोनमुळेच होतो असे नाही. तरीही दूरच्या बटणासाठी अंगठा पुन्हा पुन्हा लांबविण्याऐवजी दुसऱ्या हाताचा आधार घेणे हितावह ठरते.

हाताचा आकार व्यक्तिपरत्वे बदलतो आणि सरासरी पाहता स्त्रियांचा हात पुरुषांच्या हातापेक्षा लहान असतो. फोन मात्र मोजक्याच मापांत निघतात. अ‍ॅपलने २०२० मध्ये ५.४ इंची पडद्याचा आयफोन १२ मिनी आणला आणि पुढील वर्षी त्याची दुसरी आवृत्ती. त्यानंतर ही लहान आवृत्ती निघाली नाही. मोठ्या पडद्याची मागणी आणि लहान हाताची सोय यांतील अंतर बटणांच्या मांडणीनेच भरून काढावे लागते, आणि ते काही अंशीच भरून निघते.

बटणांचे भवितव्य

मेझू या चिनी कंपनीने २०१९ मध्ये एकही बटण वा जोडणीचे छिद्र नसलेला झीरो हा फोन दाखविला; तो बाजारात आला नाही. उलट २०२३ च्या आयफोन १५ प्रो वर घंटीच्या खटक्याच्या जागी वापरकर्त्याला हवे ते काम नेमून देता येईल असे बटण आले आणि पुढल्या वर्षी कॅमेऱ्याचे बटण वाढले. होम बटण गेले, कळफलक गेला, फिरता गोळा गेला. आवाज, पॉवर आणि कॅमेरा ही बटणे टिकली वा परत आली. लोप पावलेल्या बटणांची कामे पडद्याकडे पाहतच करावयाची होती, त्यामुळे ती पडद्याने सहज सामावून घेतली. टिकलेल्या बटणांची कामे नजर दुसरीकडे असताना करावी लागतात : भर सभेत वाजू लागलेली घंटी थांबविणे, समोरचे दृश्य निसटण्यापूर्वी टिपणे, गोठलेला फोन पुन्हा सुरू करणे, संकटात मदत मागणे. एखादे काम कडेच्या बटणास द्यावे की पडद्यावर ठेवावे, हे ठरविण्यास यापेक्षा निश्चित कसोटी आजवरच्या अनुभवातून हाती आलेली नाही.